धाकटीची मान

संस्कृतीनं स्वतःच्या पगारातून चारचाकी घेतली, त्या दिवसापासून तिच्या मोठ्या जावेच्या, रेश्माच्या, पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. पेढे रेश्मानंच वाटले, गाडीला हळदकुंकूही तिनंच लावलं. पण बोनेटवर स्वस्तिक काढताना बोट गरजेपेक्षा जोरात दाबलं जात होतं, आणि तो जोर आनंदाचा नव्हता हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

सोनईच्या त्या घरात रेश्मा लग्न होऊन आली त्याला चौदा वर्षं झाली होती. नवरा कानिफनाथ ऊस आणि कांद्याच्या शेतीत, आणि ती त्याच्या बरोबरीनं. दोन गाईंच्या धारा, गोठा, खुरपणी आणि वर सासू मालनबाईंचं बिनतिखटाचं वेगळं जेवण. तीन वर्षांपूर्वी धाकटा दीर सुनील याचं लग्न झालं. त्याचं गावात खतं-बियाण्यांचं दुकान. बायको आणली ती नगर शहरातली, इंजिनीअर, नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला. सकाळी साडेसातला ती डबा घेऊन निघायची आणि तो डबा रेश्मा भरायची.

बरं, संस्कृती वाईट असती तर सोपं झालं असतं. भांडली असती, उलटून बोलली असती, तर चार बायकांत सांगायला काही मिळालं असतं. पण ती येताजाता 'ताई, तुम्ही बसा' म्हणायची, रविवारी भांडी घासायची, आणि घासताना साबणाचा एवढा फेस करायची की रेश्माला ती पुन्हा विसळावी लागायची. मालनबाई रेश्माला चौदा वर्षं 'रेश्मे' म्हणत आल्या होत्या, आणि संस्कृतीला पहिल्या आठवड्यापासून 'बाळा' म्हणत. "बाळा, दमली असशील." रेश्मा चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि भाकरी परातीत जरा जास्तच जोरात थापटायची.

फेब्रुवारीत मालनबाईंचे डोळे दाखवायला नगरला जायचं ठरलं. संस्कृतीनं सुट्टी काढली. ती चालवायला, शेजारी मालनबाई, आणि मागं रेश्मा एकटी. रेश्माला गाडी लागायची. जाताना इमामपूरच्या घाटात तिला दोनदा उतरावं लागलं. रस्त्याकडेला वाकून ओकताना पाठीवरून हात फिरवला तो संस्कृतीनं. तिच्या हातापेक्षा ओकारी परवडली, असं रेश्माला वाटून गेलं.

परतीच्या वेळी नगर सोडण्याआधी औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबली तशी रेश्मा म्हणाली, "मला पुढं बसू द्या आत्याबाई. पुढचं दिसलं की मळमळत न्हाई."

"माझं गुडघं मागं दुमडत न्हाईत, ठावं हाय ना तुला?" मालनबाई म्हणाल्या आणि डोळ्यांचे थेंब घ्यायला दुकानात गेल्या.

"मग ही तरी काढ." रेश्मानं संस्कृतीच्या सीटवरची डोकं टेकायची उशी बोटानं ठोकली. "भिंतीमागं बसल्यावानी वाटतंय."

संस्कृतीनं मागं वळून पाहिलं. "हेडरेस्ट काढून चालवू नये म्हणतात, ताई."

"ऱ्हाऊ दे मग. आमी येऊ ओकत. आमाला सवय हाय."

'आमाला' या शब्दावर तिनं जो जोर दिला तो बरोबर जागी लागला. संस्कृती खाली उतरली, खटका दाबून तिनं हेडरेस्ट उपसलं आणि डिकीत टाकलं. मालनबाईंना मान टेकायला लागते म्हणून त्यांचं तेवढं ठेवलं; मागच्या सीटची उशी तर तशीच होती. रेश्माला पुढचा रस्ता लख्ख दिसायला लागला आणि मळमळ खरोखरच थांबली. घाट उतरून पांढरीचा पूल मागं पडेपर्यंत तिला वाटत होतं की आज आपण काहीतरी जिंकलो.

घोडेगावच्या अलीकडं मेंढरांचा कळप रस्त्यात आला. संस्कृतीनं गाडी हळू करत करत पूर्ण थांबवली. पुढं धनगर काठी आडवी धरून मेंढरं हाकत होता, आणि मालनबाई म्हणत होत्या, "कोकरं बघ किती ग्वाड हायेत." तेवढ्यात कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो मागून येऊन धडकला.

फार वेगात नव्हता. ब्रेक लावत लावतच आला होता. पण त्या धक्क्यात रेश्मानं जे पाहिलं ते ती पुढं कधी विसरली नाही. संस्कृतीचं डोकं सीटच्या वरून थेट मागं आलं. एवढं मागं, की क्षणभर रेश्माला तिचं कपाळ आणि उघडे डोळे उलटे दिसले, आणि लगेच ते डोकं तसंच हिसडा बसल्यागत पुढं गेलं.

मग सगळं शांत. कुणाला रक्त नाही, खरचटणं नाही. मालनबाईंच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला तेवढाच. डिकी मात्र चेपली होती. संस्कृती खाली उतरली, टेम्पोवाल्याला फैलावर घेतलं, नंबराचे फोटो काढले आणि गाडी चालवत सगळ्यांना घरी घेऊन आली. "काही नाही झालं," ती सुनीलला म्हणाली. "डिकी तेवढी गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना.

गावातल्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत होतं. मुका मार आहे, गोळ्या घ्या, दोन दिवस आराम करा आणि मग हळूहळू मान हलवायला लागा, झटका मात्र देऊ नका, असं ते म्हणाले. त्यातलं आरामाचं तेवढं घरानं ऐकलं. सुनीलनं मेडिकलमधून आपल्या मनानं मानेचा पट्टा आणला, तो तिच्या गळ्यात बांधला आणि तिला खाटेवर बसवलं. गाव भेटायला लोटलं. येईल तो म्हणायचा, "देवानं वाचवलं बाई." मालनबाई गुडघे धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि स्वतःच्या हातानं साजूक तुपातला शिरा करून आणला.

रेश्मा दाराशी उभी राहून तो शिरा बघत होती. चार वर्षांपूर्वी ती शेतात पाण्याच्या पाटाच्या कडेवरून घसरून कमरेवर आपटली होती, तेव्हा याच सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हळूहळू धारा काढ. बसून ऱ्हायलं तर अंग आखडतं." शिरा सोडा, कुणी हळदीचं दूधही विचारलं नव्हतं.

दिवस गेले तसं तिचं जळणं वाढत गेलं. संस्कृतीला उजेड सहन होईना, म्हणून खिडकीला चादर. आवाज सहन होईना, म्हणून मिक्सर बंद आणि चटणी पाट्यावर. वाटायची कुणी, तर रेश्मानं. रात्री ती कानिफनाथला म्हणाली, "फोटोत काय न्हाई, अंगावर ओरखडा न्हाई. गाडीत तर मीबी हुते. मला कसं काय झालं न्हाई?"

"तुला झालं न्हाई म्हून वाईट वाटतंय का?" कानिफनाथ कूस बदलत म्हणाला.

तिनं पांघरूण तोंडावर ओढलं. उत्तर 'हो' असंच होतं.

दहाव्या दिवशी गिरणीत तिला बायडाबाई भेटल्या. मुरगळलेले पाय ओढून द्यायचे, उसण काढायची, आखडलेली शीर मोकळी करायची हे त्यांचं काम. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला गुण आहे असं म्हणत. रेश्मा दळणाचा डबा खाली ठेवून म्हणाली, "आमच्या धाकटीची मान धरलीय. दहा दिवस झाले, पट्टा काय सुटत न्हाई. एकदा येऊन बघा की."

बोलताना तिच्या मनात दोन्ही होतं. खरंच दुखत असेल तर एका हिसक्यात बरी होईल आणि हा लाडाचा बाजार उठेल. नाटक असेल तर उघडं पडेल. तिसरंही काही होऊ शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. की आलं, आणि तिनं ते बाजूला सारलं, हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही.

दुपारी मालनबाई भजनाला आणि सुनील दुकानात, अशी वेळ साधून बायडाबाई आल्या.

"ताई, नको," संस्कृती म्हणाली. "डॉक्टरांनी झटका देऊ नका असं सांगितलंय."

"आमच्या मानसांच्या हातावर तुमचा विश्वास न्हाई," रेश्मा म्हणाली. "शिकलेली मानसं तुमी."

संस्कृतीनं तिच्याकडं पाहिलं. मग गळ्यातला पट्टा सोडला आणि पाटावर बसली. बायडाबाईंनी तेल लावलं, हनुवटी एका हातात आणि डोक्याची मागची बाजू दुसऱ्या हातात धरली, "सैल सोड गं पोरी," म्हणाल्या आणि मान पिळली.

काडकन आवाज झाला. संस्कृती किंचाळली नाही, नुसती 'अं' म्हणाली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. रेश्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. संस्कृतीनं उजवा हात लांब केला, तांब्या धरला, आणि तो तिच्या हातातून निसटून खाली पडला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझ्या बोटांना मुंग्या आल्यात. मला धरता येत नाहीये."

बायडाबाई तेलाची वाटी तिथंच टाकून निघाल्या. रेश्मा अनवाणी शेताकडं पळत सुटली.

कानिफनाथनं शेजाऱ्याची जीप आणली. नगरपर्यंतच्या त्या तासाभरात रेश्मा मागच्या सीटवर संस्कृतीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसली होती. गचका बसला की तिचे हात घामानं चिंब व्हायचे. घाटात तिला मळमळलंसुद्धा नाही. ती फक्त एवढंच म्हणत होती, "बोटं हलव गं. हलव बोटं." आणि संस्कृती डोळे मिटून बोटं हलवत होती.

नगरच्या दवाखान्यात मोठं स्कॅनिंग झालं. सुनील मागाहून मालनबाईंना घेऊन आला. मोठे डॉक्टर म्हणाले, मानेत सूज आहे, एक शीर दबलीय, ऑपरेशनची गरज नाही, पण थोडक्यात निभावलं. तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला प्रार्थना साळवे नावाच्या फिजिओथेरपिस्ट आल्या. सडसडीत, मोकळं बोलणाऱ्या. खाटेभोवती सगळं घर उभं होतं, आणि मालनबाईंनी तोच प्रश्न विचारला जो रेश्माच्या मनात इतके दिवस होता. "फोटोत काय न्हाई, मग दुखतंय काय?"

"आजी, तुम्ही ज्वारीचं ताट बुडाशी धरून एकदम पुढं ढकललं तर काय होतं?" प्रार्थना म्हणाल्या. "ताट पुढं जातं, कणीस मागं राहतं. मग कणीस हिसडा खाऊन पुढं येतं. मागून गाडी धडकली की असंच होतं. सीट अंगाला पुढं ढकलते, डोकं मागं राहतं, मग फेकल्यासारखं पुढं येतं. हाड मोडत नाही. पण हाडांना बांधणाऱ्या दोऱ्या असतात, स्नायू असतात, ते ताणले जातात, फाटतात. फोटोत हाड दिसतं, दोऱ्या दिसत नाहीत. आणि दुखायला लागतं ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी."

"पण मी बी गाडीतच हुते," मालनबाई म्हणाल्या. "मला कसं झालं न्हाई?"

"तुमच्या डोक्यामागं हेडरेस्ट होतं का?"

"ती उशी? हुती की."

"तिनंच वाचवलं तुम्हाला. लोकांना वाटतं ती आरामाला असते. ती डोकं अडवायला असते. तिचा वरचा काठ आपल्या टाळूच्या उंचीला हवा, आणि डोकं आणि उशी यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त जागा नको. फार खाली असली तर मान तिच्यावरून मागं मोडते." त्या संस्कृतीकडं वळल्या. "तुमचं कसं होतं?"

रेश्मानं खाटेची कड धरली. 

"होतं," संस्कृती म्हणाली. "जरा खाली असेल बहुतेक."

ती खोटं बोलली होती. आणि रेश्माच्या अंगातून काय गेलं? हायसं वाटणं नाही, कृतज्ञता तर नाहीच. गेली ती आग. गाडी तिची, पगार तिचा, बाळा ती, शिरा तिला, आणि आता मोठं मनही तिचंच! आपल्या वाट्याला उरलं काय, तर तिच्या उपकारात जगणं. तेवढं मात्र रेश्माला सोसेना.

"खोटं बोलतीय ती," रेश्मा म्हणाली. "मी काढाय लावली उशी. ती नगं म्हनत हुती. टोचून बोलले म्हून काढली तिनं. आन् बायडाबाईला मीच आनलं. तुमी कुनी घरात नसताना."

मालनबाईंचा हात तोंडावर गेला. सुनील खोलीबाहेर निघून गेला. कानिफनाथ बायकोकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग कमी आणि थकवा जास्त होता, आणि ते तिला जास्त लागलं. प्रार्थनाबाईंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं.

"उशीचं बहुतेकांना माहीत नसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मान मात्र पुन्हा कुणाच्या हातात द्यायची नाही. दुखऱ्या मानेला झटका दिला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. आणि हा पट्टाही सोडा आता. बांधून ठेवलेली मान दुबळी होते. हळूहळू हलवायची, रोज."

घरी आल्यावर चार दिवस संस्कृती रेश्माशी एक शब्द बोलली नाही. घरात कुणीच धड बोलत नव्हतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी रेश्मा गोठ्यात धार काढत असताना ती भिंतीला धरत आली आणि दारात उभी राहिली.

"मला तुमचा फार राग आलाय, ताई," ती म्हणाली.

"येनारच."

"आणि मी दवाखान्यात तुम्हाला वाचवायला खोटं बोलले नाही. मला वाटलं, आता तुम्ही जन्मभर माझ्यापुढं खाली मान घालून राहाल. तेही तुम्ही होऊ दिलं नाहीत."

रेश्माचे हात थांबले. गाईनं शेपूट मारलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तुला काय कमी हाय गं? मला खाली बघाय लावून काय मिळनार हुतं?"

"काय कमी?" संस्कृतीचा आवाज चढला आणि मानेला कळ लागली तशी ती थांबली, हळू बोलायला लागली. "आईंची गोळी कुठली, ते तुम्हाला विचारतात. विहिरीची मोटर कधी चालू करायची, ते दादा तुम्हाला विचारतात. सुनील उठल्यापासून 'वहिनी, वहिनी'. मला तीन वर्षांत या घरात कुणी काही विचारलेलं नाही. शिरा पाहुण्याला करतात, ताई. घरच्या माणसाला धारा काढायला सांगतात."

रेश्मानं चरवी बाजूला सरकवली. तिला मालनबाईंचं ते 'हळूहळू धारा काढ' आठवलं, आणि त्या वाक्याला ही दुसरी बाजू असेल असं चार वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. तेवढ्यानं दुखलेली कंबर काही विसरली जात नव्हती. पण समोर उभी असलेली ही बाई आपल्यावर जळते, हे ऐकून तिला कुठंतरी गार वाटलं. खरं सांगायचं तर मनातून सुखच झालं.

"व्यायाम कितीदा सांगितलाय?" तिनं विचारलं.

"दिवसातून चारदा."

"सकाळचा धारा झाल्यावर माझ्याम्होरं कर. बाईनं काय काय दावलंय ते मी बघितलंय."

मग रोज ते सुरू झालं. भिंतीला पाठ लावून बसायचं, हनुवटी हळूच आत घ्यायची, पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची. मान डावीकडं, जिथं कळ सुरू होते तिथंच थांबवायची, पुढं रेटायची नाही. रेश्मा समोर बसून मोजायची. संस्कृती घाई करायला लागली की "हळू. मान हाय, नांगर न्हाई," म्हणायची. सुनील पंधरा दिवस वहिनीशी बोलला नाही, मग एके दिवशी चहा मागितला. मालनबाईंनी तर एकदा दोघींनाच शिरा केला. रेश्माच्या वाटीत तूप कमी होतं, हे तिनं पाहिलंच. मधेच ती बायडाबाईंच्या घरीही जाऊन आली. बायडाबाई चिडल्या, "बोलावलं तुमीच, आन् आता मलाच शिकवता?" रेश्मा म्हणाली, "व्हय, बोलावलं मीच. म्हून तर सांगाय मीच आले. पाय वढा, हात वढा, मानेला हात लावू नका." म्हातारीनं दार लावून घेतलं. पण पुढं कुणाची मान धरली की ती नगरला जा म्हणू लागली, असं कानावर आलं.

मुंग्या दीड महिन्यात गेल्या. मे संपता संपता संस्कृतीला मान वळवून गाडी मागं घेता येऊ लागली. आणि जूनमध्ये कंपनीनं तिची बदली सुप्याच्या कारखान्यात केली. रोज सोनई ते सुपे जाणं त्या मानेला झेपणारं नव्हतं. तिनं तिथं खोली घेतली, आणि सुनील दर शनिवारी जायला लागला.

गाडी गेली, डबा गेला, फेसाची भांडी गेली. रेश्मानं इतकी वर्षं जे मागितलं होतं ते सगळं झालं. पहिल्या आठवड्यात ती दोनदा चुकून चार माणसांऐवजी पाच माणसांच्या भाकरी करून बसली.

रविवारी फोन आला. "बरी आहे, ताई. शेजारी मार्थाकाकू म्हणून आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. फार जीव लावतात. रोज संध्याकाळी माझा व्यायाम त्याच घेतात."

रेश्माच्या हातातली पळी तशीच राहिली.

"त्यांना जमतंय का?"

"अहो, किती छान! मानेला गरम पाण्याची पिशवीही देतात. कालच लिंबाचं लोणचं दिलं त्यांनी."

"लोनचं," रेश्मा म्हणाली. "घरात दोन बरण्या भरून ठिवल्यात मी. कुनासाठी?"

पलीकडं संस्कृती हसली. ते हसणं रेश्माला मुळीच आवडलं नाही. फोन ठेवून ती कानिफनाथपुढं जाऊन उभी राहिली. तो खुरपं पाजळत होता.

"सुप्याला यष्टी किती वाजता हाय?"

"कशाला?"

"कोन हाय ती मार्था, बघून येते. कुनाच्याबी हातात मान देती ती पोरगी." तिनं फळीवरची मोठी बरणी काढली, फडक्यात गुंडाळली आणि वरून सुतळीनं गच्च बांधायला घेतली. "मोजताना मधी थांबतं का मानूस, का आपलं एकसारखं भराभरा मोजत सुटतं, ते बघाय नगं का कुनीतरी?"

कानिफनाथनं खुरपं खाली ठेवलं आणि बसची वेळ विचारायला फोन लावला.